रोपवाटिकेचे देणे

पाच जून जवळ आला, की गावोगावचे रोपवाटिकावाले एकाएकी लोकप्रिय होतात. शाळेचे मुख्याध्यापक, गणेश मंडळाचे अध्यक्ष, गृहनिर्माण संस्थेचे सचिव, नगरसेवकांचे कार्यकर्ते अशी सर्वांची रीघ लागते आणि मागणी एकच : "शंभर रोपे द्या, फलकावर तुमचे नाव घालू." मालकही देतात. धंदा याच गावात करायचा, नाही म्हणून कसे चालेल? मग खड्डे होतात, छायाचित्रे निघतात, चहा-बिस्किटे होतात. दिवाळीपर्यंत त्या शंभरांतली किती हयात आहेत, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. या व्यवहाराला आपण 'समाजाचे ऋण फेडणे' म्हणतो. शब्द मोठा आहे. तेव्हा हिशेबही जरा नीट मांडायला हवा.

मोठ्या कंपन्यांना हा हिशेब कायद्यानेच घालून दिला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांनी मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. रोपे, लाल माती, शेणखत, कुंड्या, हिरवळीचे गालिचे विकणारा आपला गावातला माणूस या कायद्यात बसत नाही. त्याची पेढी बहुधा एकट्याची, फार तर दोघा भावांच्या भागीदारीतली. म्हणजे तो जे देतो ते आपखुशीने देतो, आणि म्हणूनच त्याच्या देण्याचे मोल अधिक.

पण परत द्यायचे म्हटले, की घेतले काय हे आधी पाहावे लागते. बँकेच्या नोकरीत एक सवय लागली : खात्याची जमेची बाजू पाहून हुरळायचे नाही, नावेची बाजूही उघडायची. रोपवाटिकेच्या नावे पहिली नोंद निघते ती मातीची. बागेसाठी आपण ट्रॉलीने विकत घेतो ती लाल माती कोणत्या तरी डोंगरउतारावरून खरवडून आणलेली असते. इंचभर माती तयार व्हायला निसर्गाला शतके लागतात; जेसीबीला एक सकाळ पुरते. माती आणि मुरूम हे सरकारदप्तरी गौण खनिज. त्याला परवाना लागतो, स्वामित्वधन भरावे लागते. ते भरले तरी उतार बोडका व्हायचा तो होतोच. शहराची बाग फुलवण्यासाठी एखाद्या खेड्याचे माळरान सोलायचे आणि मग शहरातल्या शाळेला दहा रोपे द्यायची, हा ताळेबंद जुळत नाही. यावर उपाय आहे, आणि तो फार लांबही नाही. तलावातला गाळ, शेणखत आणि शहरातला पालापाचोळा. झाडांची वाळकी पाने आपण सर्रास पेटवून देतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी त्याला मनाई केली, तरी फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी धूर दिसतोच. एखाद्या रोपवाटिकेने आपल्या प्रभागातली ही पोती उचलून त्यांचे खत केले आणि तेवढी लाल माती कमी आणली, तर ते देणे शंभर रोपांपेक्षा मोठे ठरेल. त्याचे छायाचित्र तितके देखणे येणार नाही, एवढेच.

दुसरी गोष्ट बोलायला थोडी अवघड. दान म्हणून येणारी रोपे बऱ्याचदा शिल्लक माल असतो. पिशवीत दोन-तीन वर्षे अडकलेल्या रोपाची मुळे आतल्या आत गोल गोल वळतात. वरून ते डौलदार दिसते, पण जमिनीत गेल्यावर त्या मुळांना वाट सापडत नाही. झाड खुरटते, नाहीतर थोडे वाढून वाऱ्याने आडवे होते. शिवाय कोणती रोपे दिली जातात तेही पाहावे. आंध्रातील राजमहेंद्रीजवळच्या कडियम परिसरातून ट्रक भरभरून रोपे आपल्याकडे येतात. चटकन वाढणारी, एकसारखी, विकायला सोपी. करंज, कडुनिंब, बहावा, पळस यांची रोपे करायला चिकाटी लागते आणि गिऱ्हाईक मागत नाही. म्हणून गिऱ्हाईक मागत नसतानाही जो ती करतो, तो माझ्या लेखी खरा दाता.

आता पाण्याचे बोलू. नव्या रोपाला आठवड्यातून दोनदा १० लिटर पाणी धरले, तर नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंतच्या ३० आठवड्यांत ६०० लिटर होतात. शंभर रोपांना ६० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे ६ टँकर. झाड स्वतःच्या पायावर उभे राहायला तीन उन्हाळे जावे लागतात. एकूण १८ टँकर. या हिशेबापुढे रोपाची किंमत किरकोळ आहे. आपल्याकडे सगळा उत्साह त्या किरकोळ रकमेवर संपतो. सरकारही याला अपवाद नाही. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला. पुढे त्यातली किती जगली यावर विधानसभेत इतका वाद झाला, की २०२१ मध्ये चौकशीसाठी समिती नेमावी लागली. त्याच वर्षी वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात दुरुस्ती झाली : तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावायची आणि ७ वर्षे सांभाळायची. सांभाळण्याची वर्षे कायद्यात आली, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

माझ्या परिचयाचे एक रोपवाटिकावाले आहेत. नाव लिहिलेले त्यांना आवडणार नाही. एका शाळेच्या बाई त्यांच्याकडे चाळीस रोपे मागायला गेल्या. त्यांनी विचारले, "बाई, मे महिन्यात शाळेत पाणी कोण घालतं?" बाई गप्प. त्यांनी बाराच रोपे दिली, सोबत कुंपणाच्या जाळ्या दिल्या आणि आपला माळी दर शनिवारी पाठवायचे कबूल केले. सुट्टीत त्यांचा टेम्पो पाण्याची टाकी घेऊन जातो. मेलेले रोप पावसाळ्यात बदलून मिळते. फलकाची त्यांनी एकच अट घातली : लागवडीची तारीख नको, ३१ मे रोजी जिवंत असलेल्या झाडांची संख्या खडूने लिहायची. बाईंना ते आधी थोडे लागले. चाळीस रोपांची बातमी झाली असती, बारांची होत नाही.

पुणे-सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडीच्या आसपास दुतर्फा रोपवाटिका दिसतात. कितीतरी घरांची चूल पिशव्या भरणाऱ्या, कलमे बांधणाऱ्या बायकांच्या हातावर चालते. तिथून जवळच उरुळी कांचन. १९४६ मध्ये गांधीजी तिथे काही दिवस राहिले आणि निघून गेले. मागे मणिभाई देसाई नावाचा तरुण ठेवून गेले. तो तरुण १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथलाच होऊन राहिला. निसर्गोपचार आश्रम, शेती, फळबागा, गोपालन, पुढे १९६७ मध्ये उभी राहिलेली 'बाएफ' हे सारे त्या राहण्यातून आले. रोपांच्या धंद्याला हा शेजार लाभला आहे.

यात गिऱ्हाइकाचीही बाजू आहेच. गृहसंस्थेच्या सभेत आपण रोपामागे दहा रुपयांची घासाघीस करतो आणि त्याच माणसाकडून 'सामाजिक बांधिलकी'ची अपेक्षा ठेवतो. येत्या पावसाळ्यात रोपे आणायला जाल तेव्हा पिशवी उलटून मुळे पाहा, माती कुठली ते विचारा, आणि फुकट रोपे मागण्याऐवजी दोन उन्हाळ्यांसाठी त्याचा माळी पगार देऊन ठरवता येतो का तेही विचारून बघा.