बाबांची ‘जनता’ आणि मुंबई स्पेशल

आमच्या ऑफिसात सध्या घड्याळांचा फीव्हर आहे. वेळ मोबाइलवर दिसते, स्मार्टवॉच पावलं मोजतं, तरीही टीममधल्या दोघांनी जपानी ऑटोमॅटिक घेतलं. एकाचं सिको फाइव्ह. त्याचा डायलॉग ठरलेला : ‘बॅटरी नाही, किल्ली नाही, मरेपर्यंत चालतं यार!’ कोण मरेपर्यंत, हे मात्र तो सांगत नाही.

तर मंडळी, आमच्या वर्ध्याला ही जपानी कीर्ती नवी नाही. फक्त तिच्यावर जपानचं नाव नव्हतं. १९६१ मध्ये बंगळुरूत एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं घड्याळं बनवायला घेतली. म्हणजे आपल्या बाबा-काकांच्या मनगटावरच्या त्या सरकारी, साध्यासुध्या ‘जनता’चं मूळ थेट जपानात! माझ्या बाबांची ‘जनता’ सतरा ज्वेल्सची, रोज सकाळी चहाआधी किल्ली द्यायची. कंपनीच्या घड्याळ विभागाला २०१६ मध्ये टाळं ठोकायचा निर्णय झाला. बाबांचं घड्याळ चालूच आहे.

यात जादू वगैरे काही नाही. चाकांच्या आसाची टोकं जिथे फिरतात तिथे कृत्रिम माणकं बसवलेली असतात, म्हणून झीज कमी. सगळ्यात नाजूक भाग बॅलन्स व्हीलचा आस. घड्याळ पडलं की तोच मोडायचा. सिटिझननं १९५६ मध्ये त्याला स्प्रिंगचा आधार दिला, नाव ठेवलं पॅराशॉक, आणि घड्याळं चक्क हेलिकॉप्टरमधून खाली टाकून दाखवली. (पब्लिसिटीचा फंडा तेव्हाही सॉलिड होता!) सिकोनं १९५९ मध्ये ‘मॅजिक लिव्हर’ आणली. हात कुठल्याही दिशेला हलला तरी स्प्रिंग भरते, आणि तेही मोजक्या भागांत. भाग कमी, मग बिघडणार काय?

पण टिकाऊ म्हणजे अचूक नव्हे हं. आजच्या सिको फाइव्ह स्पोर्ट्समध्ये जे ४आर३६ मशीन असतं, त्याला कंपनीच दिवसाला ४५ सेकंद पुढे किंवा ३५ सेकंद मागे जायची सूट देते. साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधराएक सेकंद चुकतं. तेव्हा ‘परफेक्ट टाइम’साठी ऑटोमॅटिक घेत असाल तर पैसे वाचवा.

आणि ‘मरेपर्यंत’लाही एक अट आहे : तेल. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो, सोबतीला धूळ. आतलं तेल वाळलं की चाकं कोरडी घासतात. घड्याळ थांबत नाही, हीच खरी पंचाईत! चालतंय म्हणून आपण उघडत नाही आणि आतून ते झिजत राहतं. मागच्या दिवाळीत बाबांची ‘जनता’ घेऊन मी गावातल्या जुन्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि विचारलं, ‘डायल नवी करून देऊ का भाऊ? एकदम चकाचक होऊन जाते.’

बाबा लगेच तयार. मी ठाम नाही म्हटलं.

का सांगतो. जगभरचे घड्याळवेडे एका प्रकाराला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुनं एचएमटी किंवा सिको घ्यायचं, डायल नारिंगी नाहीतर पोपटी रंगवायची, केस पॉलिश करून धारा घालवायच्या, काटे कुठल्या तरी दुसऱ्याचे, आणि ऑनलाइन ‘विंटेज ओरिजिनल’ म्हणून विकायचं. गंमत अशी की हा धंदा जपानी टिकाऊपणावरच उभा आहे. मशीन पन्नास वर्षांनीही टिकटिकतं, म्हणून तर त्याला नवा चेहरा लावून विकता येतं. आमच्या दुसऱ्या ऑफिसवाल्याचं असंच एक ‘विंटेज’ मी काकांना दाखवायला नेलं होतं. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला : ‘मशीन असली हाय, तोंड नकली.’

तुम्ही घेणार असाल तर डायलचा क्लोजअप मागा. मूळ छपाई बारीक आणि रेखीव असते, रंगवलेल्यावर अक्षरं जाड आणि काठ फुटलेले. आतल्या मशीनचा फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सरळ पुढे चला. पन्नास वर्षांचं घड्याळ नवंकोरं दिसत असेल, तर भाव करू नका, प्रश्न विचारा.

बाबांच्या डायलवरचा सातच्या आकड्याजवळचा पिवळट डाग तसाच ठेवला. काकांनी फक्त साफसफाई आणि तेल केलं. आता ते दिवसाला मिनिटभर पुढे जातं. ‘परत नेऊन सेट करून आणू का?’ विचारलं, तर बाबा म्हणाले, ‘राहू दे. सेवाग्राम एक्सप्रेस आजवर एकदाही चुकली नाही आपली.’