बेरजेत हरवणारी कांदळवने

कांदळवन मारायला कुऱ्हाडच लागते असे नाही. खाडीच्या तोंडाशी मातीचा बांध घातला की भरतीचे पाणी आत येईनासे होते आणि तिवरे उभ्या उभ्या वाळतात. मग तेथे राडारोडा टाकणे सोपे जाते. ही तोड रस्त्यावरून सहसा दिसत नाही. उपग्रहाला मात्र दिसते.

हिरवे पान अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते, पाणी ते शोषून घेते. या फरकावरून झाड, चिखल आणि भराव वेगळे ओळखता येतात. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतील छायाचित्रे १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती मोफत मिळतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी १० मीटरच्या बारकाव्याने किनारा टिपते. पुराव्यांची टंचाई नाही.

तरीही चर्चा अडते ती एका आकड्यापाशी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार महाराष्ट्रातील कांदळवनाचे क्षेत्र २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर होते. २०१७ मध्ये ते ३०४ आणि २०२१ मध्ये ३२४ झाले. वाढ दिसली की यंत्रणा निश्चिंत होते. पण ही गोळाबेरीज आहे. एका खाडीत गाळावर नवी तिवरे उगवली आणि दुसरीकडे तेवढीच भरावाखाली गेली, तर एकूण आकडा हलत नाही. भरतीचा जोर अडवणारे आणि माशांची पिल्ले सांभाळणारे जुने वन मात्र त्या गावापासून गेलेले असते. शिवाय प्रत्येक वाढ शुभच असते असेही नाही. ठाणे खाडीतील चिखलाच्या पट्ट्यांवर तिवरे पसरली की रोहित पक्ष्यांची चरण्याची जागा आक्रसते. या सर्वेक्षणाच्या नकाशात एक हेक्टरहून लहान तुकडा धरला जात नाही. भराव तर गुंठ्यागुंठ्याने पुढे सरकतो.

उपग्रहालाही मर्यादा आहेत. भरतीच्या वेळचे छायाचित्र ओहोटीच्या छायाचित्राशी ताडले, तर नसलेला बदल दिसतो. पावसाळ्यात ढग आड येतात. तेव्हा रडार उपग्रहांचा आधार घ्यावा लागतो. आणि झाडे का वाळली, हे शेवटी चिखलात उतरूनच कळते.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवन तोडीस मनाई केली आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवण्यास सांगितले. हा आदेश जमिनीवर उतरवायचा असेल, तर शासनाने खाडीनिहाय घट आणि वाढ वेगवेगळी जाहीर करावी, दर महिन्याला सारख्या भरतीची छायाचित्रे ताडावीत आणि हिरवा पट्टा सुकताना दिसताच ठरावीक दिवसांत माणूस तेथे पाठवावा. बांध वेळीच फोडला, तर तिवरे पुन्हा पालवू शकतात. भराव पडून गेल्यावर छायाचित्राचा उपयोग उरतो तो फक्त पंचनाम्यापुरता.