साहेबाचा मासा आणि बियासचा असला

१/ शरद ऋतूत, पावसाळ्याचा गाळ खाली बसला की कुलूच्या खोऱ्यातील बियास नितळ होते. कटराईन-पतलीकुहलच्या पट्ट्यात मांडीभर पाण्यात उभे राहून, पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी प्रवाहावर अलगद सोडणारे हौशी गळकरी याच दिवसांत दिसतात. १ नोव्हेंबरपासून ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते. म्हणून ऑक्टोबरचे मोल अधिक. त्यांच्या छायाचित्रांखाली एक ओळ हमखास असते : ‘हिमालयाचा अस्सल मासा’. माझा आक्षेप त्या ओळीला आहे.

२/ ज्या नदीचा उल्लेख ऋग्वेदात ‘विपाश्’ या नावाने येतो, तिच्यातील ब्राउन ट्राउट सव्वाशे वर्षांचाही नाही. १८९९ मध्ये काश्मीरसाठी पाठवलेली अंडी वाटेतच नष्ट झाली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली अंडी जगली आणि श्रीनगरजवळच्या हारवनला पैदास सुरू झाली. तिथून १९०९ मध्ये ट्राउट कुलूत आला. आणणारे हॉवेल हे तिथले साहाय्यक आयुक्त होते.

३/ हा एका माणसाचा छंद नव्हता. निलगिरीत ट्राउट रुजवण्याचे प्रयत्न १८६० च्या दशकापासून चालू होते. थंड हवेची ठिकाणे, चर्च, गुलाबाचे ताटवे यांच्याच रांगेत हा मासा बसतो. परक्या डोंगरात साहेबाला आपले गाव उभे करायचे होते. त्या गावाला ओळखीचा मासाही हवा होता.

४/ मग आधी नदी रिकामी होती काय? मुळीच नाही. वरच्या थंड पाण्यात असला होता, खालच्या पट्ट्यात महसीर. असला दगडांवरचे शेवाळ खरवडून जगतो. ब्राउन ट्राउट शिकारी, लहान मासेही गिळणारा. आज असला संकटग्रस्त माशांच्या जागतिक यादीत आहे. अतिरिक्त मासेमारी आणि धरणे यांच्याबरोबर परके मासे हेही त्याचे एक कारण मानले जाते. ‘इंग्रजांनी नद्या समृद्ध केल्या’ असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

५/ आता कायदा. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात स्फोटके आणि विष वापरणे हा गुन्हा ठरवला. ते योग्यच होते. परंतु त्याच कायद्याने जाळी, त्यांचे आस आणि पाण्यातले बांध यांवर नियम करण्याचे अधिकार प्रांतिक सरकारांना दिले. १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहिणारे एच. एस. थॉमस मद्रासचे सनदी अधिकारी होते, हॉवेलही अधिकारीच. म्हणजे ज्या वर्गाच्या हाती गळ होता, त्याच वर्गाच्या हाती नियमावली होती. मग गळ ‘खेळ’ ठरला आणि पोटासाठी टाकलेले जाळे ‘विध्वंस’, यात नवल काय?

६/ पहिला प्रतिवाद ठरलेला असतो : ‘स्थानिक लोक डायनामाइट लावत, साहेबाने संवर्धन शिकवले.’ डायनामाइट कुलूच्या शेतकऱ्याने शोधलेला नाही. उलट याच बियासच्या खोऱ्यात, जोगिंदरनगरजवळच्या मच्छियालला देवाचे म्हणून महसीर राखले जातात. आपल्या महाडजवळच्या वाळण कोंडीतही देवीच्या नावाने हीच रीत आहे. संवर्धनाची कल्पना आगबोटीतून उतरलेली नाही.

७/ दुसरा प्रतिवाद वजनदार आहे, आणि तो मी टाळणार नाही. बियासला मिळणाऱ्या तीर्थन नदीवर जलविद्युत प्रकल्प नकोत, या मागणीच्या बाजूने ट्राउट उभा राहिला आणि नदी वाचली. हे खरे आहे. पण याचा अर्थ नीट पाहा. नदीच्या बाजूने साक्ष द्यायला साहेबाचा मासा चालला. १९७७ मध्ये पंडोह धरणाने बियासचे पाणी सतलजकडे वळवले, महसीर आणि असल्याची वर चढण्याची वाट अडली, तेव्हा त्यांची साक्ष कोणी काढली?

८/ ट्राउट उपटून काढा, असे मी म्हणत नाही. तो आता तिथल्या अनेक घरांची चूल पेटवतो. खोटी माशी पाण्यावर जिवंत वाटावी अशी सोडणे ही अवघड आणि सुंदर कला आहे, हेही मान्य. माझे भांडण त्या कलेशी नाही, तिच्याभोवती रचलेल्या विस्मरणाशी आहे.

९/ म्हणून मनालीला जाणाऱ्या मित्रांना एवढीच विनंती. परवाना काढा, गळ टाका, ताटातला ट्राउटही खा. पण छायाचित्राखाली ‘अस्सल’ लिहू नका. ‘१९०९ पासून’ लिहा. आणि पतलीकुहलच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, त्याच्या लहानपणी या पाण्यात असला किती मिळत असे. ते उत्तर कुठल्याही गॅझेटियरमध्ये सापडणार नाही, आणि सांगणारे दर वर्षी कमी होत आहेत.