वाघ तीन, बकऱ्या किती?

गेल्या उत्सवात आमच्या निंबर्गा परिसरातील एका देवळात वाघ-बकरीचे सामने ठेवण्यात आले होते. हेतू स्तुत्य होता. मोबाइलमध्ये बुडालेली मुले दोन दिवस सभामंडपात मांडी घालून बसली, ही गोष्टच लहान नव्हे. परंतु त्या दोन दिवसांत जे घडले त्यावर स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. पंचांमध्ये आम्हीही होतो. तेव्हा जो दोष पुढे दाखवावयाचा आहे त्यात आमचाही वाटा आहे, हे आरंभीच कबूल करतो.

पहिल्या दिवशी रीतीप्रमाणे तीन वाघ व पंधरा बकऱ्या होत्या. वाघ कोणी घ्यावयाचे हे चिठ्ठीने ठरले. नवशिकी मुले बकऱ्या भराभर वाघाच्या तोंडी देऊ लागली आणि वाघ एकामागून एक डाव जिंकू लागले. पालकांनी तक्रार केली. रात्री समितीची बैठक भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बकऱ्या वीस झाल्या. आता ज्याच्या चिठ्ठीत वाघ निघाला तो हरला, असे ठरल्यासारखेच झाले. एका अकरा वर्षांच्या मुलीने आदल्या दिवशी पंधरा बकऱ्यांनिशी दोनदा वाघ कोंडून दाखविले होते. दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्यास वाघ आले. जेमतेम चाली शिकलेल्या मुलाकडून ती हरली. उठताना तिने विचारले, "वकीलकाका, माझी चाल कुठं चुकली?" आम्ही सारा डाव मनात पुन्हा मांडून पाहिला. तिची एकही चाल चुकली नव्हती. आम्ही मात्र "असं होतं कधी कधी," एवढेच म्हणालो. या उत्तराची लाज वाटते म्हणून हा लेख.

त्या घटनेनंतर गावात दोन पक्ष पडले. एक म्हणतो, पूर्वजांनी घालून दिलेल्या खेळास हात लावला हेच पाप झाले. दुसरा म्हणतो, खेळ मौजेसाठी असतो; मुले हिरमुसली की नियम बदलावा, त्यात एवढे काय? आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात, आणि दोघांच्या चुकीचे मूळ एकच आहे. या खेळाचा तोल कशात आहे, हे कोणीच पाहिलेले नाही.

हा खेळ समबळांचा नव्हे. वाघ थोडे पण उडी मारून खाणारे. बकऱ्या पुष्कळ पण केवळ कोंडणाऱ्या. बकऱ्या एकेक करून पटावर बसवावयाच्या, सर्व बसेपर्यंत त्यांस हलता येत नाही. वाघ मात्र पहिल्या क्षणापासून फिरतात. ज्या पटावर आम्ही खेळतो त्यावर तेवीस घरे आहेत. तीन वाघ व पंधरा बकऱ्या बसल्या तर पाच घरे मोकळी राहतात. त्या पाच घरांतच सारी झुंज असते. तेथे वीस बकऱ्या आणल्या की बेरीज तेवीस होते! वाघाने आरंभी काही खाल्ले नाही तर मांडतामांडताच त्याचा श्वास कोंडतो. ज्या समितीने हा बदल केला तिने एवढी बेरीजही केली नाही, आणि शेजारी बसलेल्या पंचांनी, म्हणजे आम्हीही, ती करून दाखविली नाही.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. पूर्वजांनी खेळ घालून दिला हे खरे. पण काय घालून दिले? हंपीच्या मंडपांतून हिंडा, फरशीवर असे पट कोरलेले दिसतील. त्यांवर रेषा असतात. बकऱ्यांची संख्या कोणीही दगडात कोरलेली नाही. रेषा दगडाच्या स्वाधीन केल्या, संख्या माणसांच्या हाती ठेवली. म्हणूनच कन्नडमधील आडु-हुली, तेलुगूतील पुलि-मेका, तमिळमधील आडु-पुलि ही भावंडे एकाच कुळातील असूनही प्रांतोप्रांती त्यांच्या रीती थोड्याथोड्या निराळ्या आहेत. नेपाळात तर पट चौकोनी, वाघ चार आणि बकऱ्या वीस. यांतील कोणती रीत शुद्ध आणि कोणती भ्रष्ट? १८६८ साली प्रिव्ही कौन्सिलने मदुरेच्या कलेक्टरच्या खटल्यात निर्णय दिला की हिंदू कायद्यात स्पष्ट सिद्ध झालेली रूढी लिखित वचनापेक्षा बलवत्तर ठरते. पण न्यायालय रूढी मानते ती प्राचीन, निश्चित आणि वाजवी असेल तरच. यांतील 'वाजवी' हा शब्द आमचे सनातनी मित्र नेहमी गाळतात.

शिवाय शास्त्रकारांनी खेळ तुच्छ मानला नव्हता. येथून जवळच असलेल्या कल्याणीस, म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याण येथे, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्याच्या पाचव्या विंशतीत अनेक क्रीडांबरोबर चतुरंगाचेही वर्णन आहे. ज्याचा 'व्यवहारमयूख' मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत प्रमाण मानला गेला, त्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाचा विचार केला आहे. आणि बुद्धिबळ तरी कोठे जसेच्या तसे राहिले? मूळ खेळातील मंत्री तिरपा एकच घर चाले; पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्यास आजचे बळ मिळाले आणि खेळ वेगवान झाला. आपल्याकडील जुन्या रीतीत प्यादे पहिल्या चालीसही एकच घर सरके. त्या देशी रीतीत वाढलेल्या मीर सुलतान खान यांनी विलायती नियम शिकून १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. नियम निराळा असल्याने खेळाडूचे नुकसान होत नाही. तो आधी सांगितला नाही, म्हणजे होते.

येथे दुसऱ्या पक्षाचा समाचार घेणे प्राप्त आहे. त्यांचा अपराध बदलाचा नाही. अर्ध्या स्पर्धेत, काहींच्या तक्रारीवरून, न तपासता केलेल्या बदलाचा आहे. कालच्या कृत्यास आजचा कायदा लावणे न्यायात जसे निंद्य, तसेच खेळातही. आणि मौज म्हणजे सर्वांनी जिंकणे नव्हे. ज्या डावात बकरीला वाघाचे भय नाही आणि वाघाला कोंडले जाण्याचे भय नाही, तो डाव खेळ नसून खडे मांडणे आहे. मुले हिरमुसतात ती हरल्यामुळे नव्हे. आपल्या बुद्धीचा निकालाशी काही संबंध नव्हता हे त्यांस उमगते, म्हणून.

तोल नसलेला डाव खेळवावा कसा, हा प्रश्न जगाने यापूर्वी सोडविला आहे. प्रशियाच्या सैन्यातील रायस्विट्झ याने १८२४ साली नकाशावरील युद्धखेळ प्रचारात आणला. त्यात दोन्ही बाजू सारख्या असाव्यात असा आग्रह नव्हता, कारण युद्धात त्या सारख्या नसतातच. मध्ये पंच असे आणि फाशांच्या साह्याने तो हानी ठरवी. पुढे नियमांचे ओझे वाढले, तेव्हा १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा याने पुष्कळसा भार अनुभवी पंचाच्या निर्णयबुद्धीवर सोपविला. विषम डाव चालतो. पण पंच जागा असला पाहिजे. नेपाळी बाघचालचा हिशेब तर लिम यू-जिन व युर्ग नीवरगेल्ट यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात संगणकावर मांडला. दोन्ही बाजू निर्दोष खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो, असे त्यांस आढळले. म्हणजे दिसावयास इतका विषम असलेला तो खेळ मुळात तोललेला आहे. तोल बिघडतो तो खेळणाराच्या कौशल्यामुळे. नवशिक्यांत वाघ भारी, जाणत्यांत झुंज बरोबरीची. तेव्हा एकच संख्या सर्वांस लावणे हाच मुळी अविचार आहे.

आमच्या सूचना पुढीलप्रमाणे. प्रत्येक जोडीने दोन डाव खेळावेत व दुसऱ्या डावात बाजू बदलावी. पाच बकऱ्या गेल्या की डाव संपला असे धरून, वाघ घेतले असता कोणी किती बकऱ्या खाल्ल्या यावर निकाल द्यावा. म्हणजे चिठ्ठीचे राज्य संपेल. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की डाव तेथेच मोजावा, नाहीतर वाघ मागेपुढे करीत दिवस घालवितो. बरोबरी झाली तर भावाभावांत शेत वाटताना करतात तसे करावे: एकाने बांध घालावा, दुसऱ्याने वाटा उचलावा. एकाने बकऱ्यांची संख्या सांगावी, दुसऱ्याने बाजू निवडावी. मग अन्याय्य संख्या सांगण्याची बुद्धी कोणास होणार नाही. नवशिक्यास एखाददुसरी बकरी अधिक द्यावयाची तर ती दोघांच्या संमतीने, पहिली बकरी पटावर बसण्यापूर्वी द्यावी. आणि उत्सवाच्या आधी गावातील जाणत्यांनी दहा डाव खेळून पाहावेत, निकाल टिपावेत. एकच बाजू आठनऊ वेळा जिंकली तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या औषधाने गुण आला हे कळत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खल मुलांच्या खेळासाठी कशाला? आमचे उत्तर असे की देवळाच्या सभामंडपात मूल प्रथम न्याय पाहते तो प्रसादाच्या वाटपात आणि खेळाच्या निकालात. तेथे त्याने मोठ्यांस नियम वाकविताना पाहिले, तर पुढे आमच्या कोर्टातील शपथेवर त्याचा विश्वास का बसावा?

ज्या देवळात हे घडले त्याच्या जुन्या फरशीवर पट होता. जीर्णोद्धारात त्यावर गुळगुळीत लाद्या बसल्या. पुढील उत्सवापूर्वी एका शिळेवर तो पुन्हा कोरला जावा, ही आमची मागणी आहे, आणि तिचा खर्च आम्ही देऊ. रेषा मात्र तेवढ्याच असाव्यात. संख्या कोरू नये. आणि पहिला डाव त्या मुलीचा असावा. तिने पुन्हा विचारले, तर या वेळी खरे उत्तर देता यावे एवढीच इच्छा आहे.