विश्लेषण : एका पातेल्यातला चिकन पास्ता का हवा?

देवळाली कॅम्पला बाहेरची चव नवी नाही. लष्करी छावणी, तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आणि जुनी पारशी वस्ती यांमुळे इथे अनेक प्रांतांची माणसे आली. तरीही पास्ता म्हटला की हॉटेलच आठवते. खरे तर तो आपल्या वरणफळांचा भाऊबंद आहे.

एकाच पातेल्यात का?
पास्ता वेगळा उकडून पाणी ओतून दिले की त्यातला स्टार्च मोरीत जातो. रश्श्यातच शिजवला तर तोच स्टार्च रस्सा दाट करतो. वरणात फळे शिजतात तेव्हाही हेच घडते.

कसा करायचा?
चौघांसाठी २ कांदे आणि लसूण परता. ३०० ग्रॅम बोनलेस चिकनचे लहान तुकडे घालून रंग बदलेपर्यंत परता. ३ टोमॅटो, तिखट, मीठ, २५० ग्रॅम पास्ता आणि पाऊण लिटर गरम पाणी घाला. झाकण ठेवून मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटे शिजवा, अधूनमधून ढवळा. चिकन आतून गुलाबी राहता कामा नये.

मुद्दा कशाचा?
केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७. पोळी-भाजी-वरण-भात रोज रात्री हवाच, हा आग्रह त्यात भर घालतो. एका पातेल्याने ही दरी बुजणार नाही. पण ‘मला स्वयंपाक जमत नाही’ ही सबब मात्र उरत नाही.