वणवा दिसला, पुढे काय?

फाल्गुन लागला की सुरतेच्या पूर्वेस मांडवी-उमरपाड्याच्या टेकड्यांवर आणि दक्षिणेकडील डांगच्या सागवानी रानात वाळलेल्या पानांचा जाड थर साचतो. एक ठिणगी पुरे होते. पूर्वी वणव्याची वार्ता कळे ती रात्री डोंगरावर तांबडी रेघ दिसली म्हणजे, किंवा एखाद्या गुराख्याने धावत येऊन सांगितले म्हणजे. आणि ती वनरक्षकाच्या कानी पडेपर्यंत अर्धी टेकडी काळी झालेली असे.

ती स्थिती आता उरलेली नाही. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांवर नजर ठेवीत आहे. आरंभीच्या 'मोडिस' संवेदकाची चौकट एक किलोमीटरची होती. नंतरच्या 'व्हिर्स'ची ३७५ मीटरांची आहे. हे यंत्र ज्वालांचे चित्र काढीत नाही. तापलेल्या भूमीतून निघणारे अवरक्त किरण टिपते. म्हणूनच रात्रीच्या काळोखातही त्याचे काम चालू राहते. टिपलेला बिंदू वनहद्दीच्या नकाशावर ताडून पाहिला जातो आणि त्याचा संदेश थेट नियतक्षेत्राच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. नाव नोंदविणाऱ्या सामान्य नागरिकालाही तो मिळू शकतो. शास्त्रज्ञांच्या या कामगिरीचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

पण कौतुकाच्या भरात मर्यादा विसरता कामा नयेत. हे उपग्रह एका जागेवरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. दोन फेऱ्यांच्या मधल्या तासांत वणवा पेटून डोंगर ओलांडूही शकतो. आपला 'इन्सॅट' एकाच जागी स्थिर राहून अर्ध्या अर्ध्या तासाने पाहतो खरा, परंतु त्याची चौकट चार किलोमीटरची. लहान आग तीत हरवून जाते. शिवाय ही आग कुणी आणि का लावली, हे कोणत्याच उपग्रहाला सांगता येत नाही. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, भाताच्या रोपासाठी राब भाजला जातो, आणि फेकलेली जळती विडी तर कुणाच्याच खिजगणतीत नसते.

खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे. आग दिसणे आणि आग विझणे यांत जे अंतर आहे, ते सुरतेला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. २४ मे २०१९ रोजी तक्षशिला इमारतीतील आग साऱ्या शहराला दिसत होती. तरीही बावीस कोवळे जीव गेले. रानात तर रस्ताही नसतो. मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्य पेटले तेव्हा नौदल आणि वायुदलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकीत होती. खाली झाडाच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपणारी माणसे लागलीच.

ही माणसे कोण? वनालगतच्या पाड्यांवरचे आदिवासी. १९२७ च्या वन कायद्याचे कलम २६ त्यांच्याकडे संशयित म्हणून पाहते, तर कलम ७९ वनात हक्क असणाऱ्या त्याच माणसावर आग विझविण्याचे बंधन घालते. १९३० साली चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात ज्या वननीतीविरुद्ध लोक उभे राहिले, तिचा दर्प स्वराज्यातही पुरता गेलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला वनरक्षणाचा अधिकार दिला. पण अधिकाराबरोबर हाती काय दिले?

उपग्रहाचा संदेश वनखात्यापुरता न राहता ग्रामसभेने नेमलेल्या चार-सहा तरुणांच्या मोबाइलवर त्याच क्षणी गेला पाहिजे. जाळरेषा पौष-माघातच साफ झाल्या पाहिजेत, आणि ते काम पाड्यावरच्या लोकांना रोख मजुरीवर मिळाले पाहिजे. वणवा विझविताना भाजलेल्या माणसाच्या उपचाराचा खर्च सरकारने उचलावा, हे तर सांगावेही लागू नये. उपग्रहावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. येत्या होळीपूर्वी ती मंजूर करण्यात गांधीनगरला अडचण कोणती, हे वनमंत्र्यांनी एकदा विधानसभेत सांगावे.