काचेच्या पेटीतलं वर्षावन कुठून आणायचं?

लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ साली ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने ४० मीटर लांबीची गोड्या पाण्याची टाकी उभी केली. पाणी १ लाख ६० हजार लिटर, मासे दहा हजारांच्या घरात आणि विषय उष्ण कटिबंधातली वर्षावनं. ते त्याचं शेवटचं मोठं काम ठरलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो गेला. ॲमेझॉन, बोर्निओ आणि पश्चिम आफ्रिकेतली जंगलं कॅमेऱ्यात टिपत हिंडलेल्या या माणसाने, फिशटँक म्हणजे निळे-गुलाबी खडे, प्लास्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, ही समजूतच मोडीत काढली. आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी दिसणारी, मॉसने मढलेलं लाकूड आणि तळाला हिरवळ असलेली दोन फुटी टाकी त्याच्याच घराण्यातली.

या हौसेला सकृद्दर्शनी नावं ठेवावीत असं काही नाही. मोबाइलमधून मान वर काढून कुणी पाण्यातल्या पानाकडे बघत बसत असेल, तर बरंच आहे. पण ही हौस निसर्गाचं नाव लावून मिरवते, म्हणून तिला निसर्गाच्या बाजूने दोन प्रश्न विचारायला हरकत नसावी. जंगल घरात आणायचं ते कुठून, आणि कंटाळा आला की टाकायचं कुठे?

मुळात वर्षावनातला ओढा असा हिरवागार नसतोच. ॲमेझॉनची उपनदी रिओ नेग्रो घ्या. कुजणाऱ्या पानांमधून उतरलेल्या टॅनिनने तिचं पाणी काळपट तांबूस झालेलं असतं, पीएच चार-पाचच्या आसपास आणि क्षार जवळजवळ नाहीतच. पाऊसकाळात नदी कित्येक मीटर चढून जंगलात शिरते आणि मासे झाडांच्या बुंध्यांमधून फिरू लागतात. वर दाट छत, खाली पाचोळ्याचा थर. त्या अंधारात पाण्याखालची झाडं फारशी तग धरत नाहीत. म्हणजे ‘रेनफॉरेस्ट थीम’ म्हणून विकली जाणारी, तळभर लुसलुशीत गवत पसरलेली टाकी ही खरं तर बाग आहे. बाग असण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त बागेला माळी लागतो, आणि या माळ्याचं वीजबिल येतं.

कारण त्या गवताला प्रखर प्रकाश लागतो. प्रकाश वाढवला की कार्बन डायऑक्साइड अपुरा पडतो, म्हणून सिलिंडर आला. वाढ झपाट्याने होऊ लागली की खतं, खतांचं गणित चुकलं की शेवाळ, मग दर आठवड्याला कात्री आणि निम्मं पाणी बदलणं. मे महिन्यात मुंबईत टाकीचं पाणी ३० अंशांच्या वर जातं, तेव्हा नाजूक झाडांसाठी चिलर. बोअरचं पाणी जड असेल तर आरओ, आणि घरगुती आरओ म्हणजे वापरलेल्या प्रत्येक लिटरमागे बहुधा त्याहून जास्त पाणी मोरीत. टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायटीत हे शोभत नाही. पण याचीही दुसरी बाजू आहे. जोमाने वाढणारी झाडं माशांच्या विष्ठेतून आलेला अमोनिया शोषून घेतात, त्यामुळे नीट राखलेल्या अशा टाकीतला मासा गोल वाडग्यातल्या गोल्डफिशपेक्षा कितीतरी सुखात असतो. काढलेलं पाणी कुंड्यांना घातलं तर ते झाडांना मानवतं. शिवाय अशी टाकी दोन वर्षं सांभाळलेल्या माणसाला नायट्रोजनचं चक्र पुन्हा कुणी शिकवावं लागत नाही.

तरीही ज्याला खरोखर वर्षावनच हवं आहे, त्याने उलट वाटेने जावं असं माझं मत आहे. ही वाट डायना वॉलस्टॅड या अमेरिकन लेखिकेने १९९९ मध्ये पुस्तक लिहून रूढ केली. तळाला साध्या मातीचा थर, वर बारीक खडी, खिडकीचा उजेड आणि जोडीला साधा दिवा. सिलिंडर नाही आणि पाणी बदलायचं तेही क्वचित. क्रिप्टोकोरीन, अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस ही सगळी सावलीत निभावणारी मंडळी. त्यांची वाढ मंद असते, नव्या माणसाला ती खुपते. क्रिप्टोकोरीन तर लावल्यावर आठवड्याभरात पानं गाळून बसते. देठ पारदर्शक होतात, पान बोटाला लागताच विरघळतं. रोप मेलं समजून लोक ते उपटून टाकतात. मुळं शाबूत असतात, हात लावला नाही तर महिन्याभरात नव्या पाण्याला सरावलेली पानं फुटतात.

पाचोळ्यासाठी तर दुकानातही जायला नको. देशी बदाम कोकणात, मुंबईत गल्लोगल्ली आहे. आपोआप गळलेलं, पूर्ण वाळून तपकिरी झालेलं पान, तेही धुरळ्याच्या आणि फवारणीच्या जागेपासून लांबचं, धुऊन पाण्यात सोडायचं. दोन-तीन दिवस ते तरंगतं, मग बसतं. पाण्याला तांबूस झाक येते, पानावर बुळबुळीत साय धरते, आणि गोगलगायी ते खात खात शेवटी शिरांची नुसती जाळी उरवतात. रिओ नेग्रोच्या तळाशी याहून वेगळं काही घडत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही वाटांवर चुकत नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणि मासे एकाच दिवशी, एकाच पिशवीतून घरी आले तर पहिल्या महिन्यातल्या मरतुकीचं खापर नशिबावर फोडू नये.

आता मासे. इथे हळव्या मतांचा उपयोग नाही, कारण ‘कुठून आणायचे’ याचं उत्तर नदीनुसार बदलतं. निऑन टेट्रा आज बहुतेक आशियातल्या तळ्यांत पैदास केलेला मिळतो. त्याचा भाऊबंद कार्डिनल टेट्रा मात्र ब्राझीलमध्ये बार्सेलोस गावाच्या परिसरात पिढ्यान् पिढ्या जंगलातून पकडला जातो. पकडलेला म्हणजे वाईट, असं वाटणं साहजिक आहे. पण तिथे १९८९ पासून चाललेल्या ‘प्रोजेक्ट पियाबा’च्या अभ्यासकांचं म्हणणं विचारात घेण्याजोगं आहे. हा मासा अल्पायुषी, भरपूर प्रजा करणारा. पूर ओसरला की डबक्यांत अडकून असंख्य मरतातच. त्याच्यावर ज्यांची चूल पेटते ते पूरजंगल राखतात. गिऱ्हाईक आशियातल्या पैदाशीकडे वळलं, तर हीच माणसं लाकूडतोड आणि खाणीकडे वळतील. युक्तिवाद बिनचूक नाही, वाटेत मरणारे मासे कुणी मोजायचे हा प्रश्न उरतोच. तरी खोटा म्हणून झटकून टाकावा असाही नाही.

तोच युक्तिवाद आपल्या सह्याद्रीत लावला की कोसळतो. ‘मिस केरळ’ नावाने ओळखला जाणारा, तांबड्या-काळ्या पट्ट्यांचा डेनिसन बार्ब केरळ-कर्नाटकातल्या मोजक्याच डोंगरी ओढ्यांत सापडतो. जगभरच्या हौशी लोकांनी त्याच्यावर उडी घातली आणि आज तो धोक्यात आलेल्या प्रजातींत गणला जातो. २०१३ मध्ये अभ्यासकांनी त्याच्यासाठी नवा जीनस (वंश) मांडला, त्याचं नाव ‘सह्याद्रिया’. नाव आपलं, बाजार जगाचा. केरळने २००८ मध्ये पकडण्यावर काही महिन्यांची बंदी घातली, पण पुढे लक्षात आलं की बंदीचे महिने आणि अंडी घालण्याचा हंगाम फारसे जुळतच नव्हते. पुढे २०२२ च्या दुरुस्तीत त्याचं नाव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आलं. आता आग्नेय आशियात त्याची पैदास होते. दुकानातल्या टाकीत पोहणारा मासा फार्मचा की ओढ्यातला, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही.

म्हणूनच ‘ॲमेझॉन कशाला, आपल्या पश्चिम घाटाचीच टाकी करू’ हे वाक्य ऐकायला छान वाटलं तरी मला त्याची धास्ती वाटते. गोवा-सिंधुदुर्गातल्या ओढ्यांत इंडिगो बार्ब आहे, ज्याची नोंद छापगर आणि साने यांनी १९९२ मध्ये केली. कोकणात क्रिप्टोकोरीनच्या स्वतःच्या जाती आहेत. सातारच्या पठारांवरच्या पाण्यात वायतुरा नावाची पाणवनस्पती आहे, ती सह्याद्रीबाहेर जगात कुठे नाही. हे सगळं एका सहलीच्या टप्प्यात आणि फुकट. एका सहलीत एक बाटली, एक पिशवी. अशा शंभर सहली झाल्या की डबक्यात काय उरलं? स्वदेशी टाकी करायची तर रोपवाटिकेतली झाडं आणि फार्मचे मासे मिळेपर्यंत थांबायचं, अन्यथा परदेशी पण पैदास केलेलं जंगल परवडलं.

परवडलं, पण ते काचेतच राहिलं तर. पंचगंगा, मुळा-मुठा, उल्हास यांचा गळा धरून बसलेली जलपर्णी मूळची ॲमेझॉनच्याच खोऱ्यातली, सुंदर जांभळ्या फुलांसाठी माणसानेच जगभर नेलेली. ‘काच साफ करतो’ म्हणून दोन इंची घेतलेला सकर मासा फूटभर वाढतो, टाकीत मावेनासा होतो आणि एका संध्याकाळी नदीत जातो. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो सापडतो, कवचाने जाळी फाडतो. डासांसाठी सरकारी यंत्रणेनेच गावोगावी सोडलेले गप्पीदेखील दक्षिण अमेरिकेतलेच. तेव्हा दोष एकट्या हौशी माणसाचा नाही, पण त्याचा वाटा त्याच्या हातात आहे.

दुकानदारांनी टाकीवरच्या चिठ्ठीत किमतीखाली आणखी एक ओळ लिहावी : पैदास केलेला की पकडलेला, आणि कुठला. मत्स्यव्यवसाय विभागाने ती सक्तीची करावी. घेणाऱ्याने ती विचारावी, उत्तर मिळालं नाही तर मासा घेऊ नये. आणि नकोसा झालेला मासा दुकानात किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे परत द्या, कापलेली झाडं उन्हात कडकडीत वाळवून मगच कुंडीत टाका. नाल्यात, तळ्यात, विहिरीत काहीही सोडू नका.